फ्लाउमोचा उघडा डोळा

हॅम्बर्गहून कार्टून स्टुडिओच्या संपादक फ्राऊ पेटरसनचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत झेब्राफिशच्या पिल्लांचं पाणी बदलत होते. हात ओले होते, म्हणून फोन स्पीकरवर टाकला.

"पुस्तकासाठीचं तुमचं प्रकरण मला फार आवडलं," त्या म्हणाल्या. "पण एक अडचण आहे. ज्या भागावर तुम्ही सगळा युक्तिवाद उभा केलाय, तो भाग आमच्या संग्रहात नाही."

"नसेल. तो फक्त ऑस्ट्रियात दाखवला होता."

"ऑस्ट्रियात दाखवलेले भागही आहेत आमच्याकडे. मालिका आम्हीच बनवली ना."

त्यांचा आवाज चिडलेला नव्हता. उलट त्यांना माझी थोडी कीव येत असावी असं वाटलं, आणि त्यामुळे मीच चिडले. मी म्हणाले, माझ्या मामेभावाने तो भाग पाहिला आहे, माझ्या मामाने पाहिला आहे, आणि दोघांच्या सह्यांची नोंद आहे.

"मग तुमच्या मामांशी बोलता येईल का?"

"ते वारले."

"माफ करा," त्या म्हणाल्या. "भावाशी बोला. पुस्तक सोमवारी छपाईला जातंय. एक भाग खोटा निघाला तर बाकीच्या नोंदींवरही मला विश्वास ठेवता येणार नाही. मग पूर्ण प्रकरण काढावं लागेल."

ते प्रकरण हे जर्मनीत माझ्या नावाने छापलं जाणारं पहिलं काही तरी होतं. प्रयोगशाळेतल्या शोधनिबंधांत माझं नाव मधे कुठेतरी असतं, आडनावांच्या रांगेत. इथे ते एकटं असणार होतं: 'फुंकेलटिअरमधली झोप', लेखिका ईश्वरी पटवर्धन.

'फुंकेलटिअर' ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. या कार्टून मालिकेत मुलं आपापला प्राणी घेऊन गावोगाव फिरतात आणि रिंगणात त्यांची झुंज लावतात. झुंजीत प्राण्याला नुसता मार बसत नाही, त्याची अवस्था बदलू शकते. तो भाजतो, गारठतो, त्याला विष चढतं, नाहीतर झोप लागते. मालिकेवरून निघालेल्या पत्त्यांच्या खेळात झोपेचा नियम सरळ आहे. झोपलेल्या प्राण्याची पाळी जाते, दर पाळीला फासा टाकायचा, सहा पडले की जाग. मालिकेत मात्र फासा नाही. एखादा प्राणी एका हाकेने उठतो, दुसरा छत कोसळलं तरी उठत नाही. एक तर झोपेतच जिंकतो, कारण त्याच्या घोरण्याने समोरचा दचकून रिंगणाबाहेर पडतो.

लोक म्हणतात, कार्टून आहे, लेखकाला हवी तेव्हा जाग येते. मला हे उत्तर पुरत नाही. हायडेलबर्गला मी माशांच्या झोपेवर काम करते. माशांना पापण्या नसतात, त्यामुळे मासा झोपलाय की नाही हे नुसतं बघून कळत नाही. काचेवर टिचकी मारावी लागते. एरवी ज्या टिचकीला तो पळाला असता तिला तो हलला नाही, तर तो झोपला आहे असं आम्ही धरतो. मालिकेतल्या झोपेलाही मी तशीच टिचकी मारत होते. कोणाच्या आवाजाने कोण उठतं, किती जवळून, कितव्या हाकेला.

ही मालिका मला पुष्करदादाने दाखवली. तो नागेशमामाचा मुलगा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, कार्ल्सरूहेत वाढलेला. मामा तिथे पंपांच्या कारखान्यात इंजिनीअर होता. उन्हाळ्यात ते सगळे नाशिकला यायचे, आणि दादाच्या बॅगेत कपड्यांपेक्षा डीव्हीडी जास्त असायच्या. मी मराठीत विचारायचे, तो जर्मनमध्ये उत्तर द्यायचा, आणि पडद्यावर फ्लाउमो असायचा, म्हणजे युला नावाच्या मुलीचा पिसांचा गोल पक्षी. मामा आमच्या मागे आरामखुर्चीत बसून पेपर वाचायचा आणि फ्लाउमो हरला की पेपरामागूनच "अरेरे" म्हणायचा. माझं निम्मं जर्मन त्या खोलीत झालं.

मी इथे शिकायला आले तेव्हा दादा सॉफ्टवेअरची नोकरी सांभाळून मालिकेच्या चाहत्यांचा ऑनलाइन लेक्सिकॉन, म्हणजे कोश, चालवत होता. झोपेचं पान त्याने मला दिलं. तिसरी संपादक संपदा, हॅम्बर्गला विमान कंपनीत काम करणारी पुण्याची मुलगी. लेक्सिकॉनचा एक नियम आहे आणि तो अगदी इथला आहे: चार डोळे. दोघांनी स्वतः पाहिल्याशिवाय कोणतीही नोंद पानावर जात नाही, आणि नोंदीखाली दोघांची आद्याक्षरं लागतात. इथे बँकेत, कारखान्यात, दवाखान्यात हाच नियम असतो. आमच्याकडे तो कार्टूनमधल्या पक्ष्यांना लागू होता आणि आम्ही तो जास्तच कडक पाळायचो.

या वसंतात एका व्हिडिओ चॅनेलवर आमचं न छापलेलं निरीक्षण जसंच्या तसं आलं: झोपलेला प्राणी स्वतःच्या माणसाच्या हाकेने उठतो, परक्याच्या नाही. दादा अस्वस्थ झाला. "कुणीतरी दिलंय," तो म्हणत राहिला. मला ते तितकंसं पटलं नव्हतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याने मला फिलाखची गोष्ट सांगितली.

"ईशू, हे मी कोणालाच सांगितलेलं नाही," तो फोनवर म्हणाला. "दोन हजार अकराच्या उन्हाळ्यात बाबा आणि मी ऑस्ट्रियात फिलाखला गेलो होतो. सारखा पाऊस. गेस्टहाऊसच्या टीव्हीवर एक भाग लागला, तो मला पुन्हा कुठेच दिसला नाही. समोरचा प्राणी धुकं सोडतो, फ्लाउमोला झोप लागते. पण एक डोळा उघडा. युला ज्या बाजूला उभी आहे ना, त्या बाजूचा."

"एकच?"

"एकच. उजवा."

"दादा, बदकं असंच करतात!" मी जवळजवळ ओरडले. "कळपाच्या कडेला झोपलेलं बदक बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवतं. अर्धा मेंदू झोपतो, अर्धा जागा राहतो."

"खरंच? गेनाऊ, अगदी तसंच होतं ते." मग त्याचा आवाज हळू झाला. "बाबा हसले होते. म्हणाले, बघ रे, झोपेतसुद्धा पहारा देतोय."

फोन ठेवल्यावर मी खूप वेळ रडले. मामाला जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि त्याचं एक नवीन वाक्य मिळालं होतं. एखादं माणूस गेल्यावर त्याची नवीन वाक्यं मिळत नाहीत. दादाने नोंद केली, खाली अक्षरं घातली: पी. जी., एन. जी. पुष्कर घैसास, नागेश घैसास. चार डोळे पूर्ण.

स्टुडिओने पुस्तकासाठी विचारलं तेव्हा मी प्रकरण त्या डोळ्यापासूनच सुरू केलं. माझा मुद्दा असा होता की या मालिकेत झोप ही नुसती शिक्षा नाही. ज्याचं माणूस जवळ आहे तो प्राणी अर्धाच झोपतो. बाकीची सगळी निरीक्षणं त्या एका दृश्यात येऊन जुळत होती. दादा म्हणाला, "पुस्तक येईपर्यंत संपदालाही दाखवू नको. गळतीचं माहितीये ना तुला." मी दाखवलं नाही.

फ्राऊ पेटरसनच्या फोननंतर मात्र मी संपदालाच फोन केला. ती जुनी रेकॉर्डिंग शोधण्यात पटाईत आहे.

"एक भाग हवाय," मी म्हणाले. "फ्लाउमो एक डोळा उघडा ठेवून झोपतो तो."

ती म्हणाली, "तुला कसा माहीत तो? पुष्कर म्हणाला होता, फक्त मलाच सांगितलंय."

"मला पण तेच म्हणाला."

"बाझेलचं ना? शाळेच्या सहलीला स्वित्झर्लंडला गेला होता, हॉस्टेलच्या टीव्हीवर पाहिला."

"फिलाख. मामाबरोबर."

"डावा डोळा?"

"उजवा."

प्रयोगशाळेत दोन टाक्यांपैकी कुठली गळते हे शोधायचं असेल तर आम्ही एकीत लाल रंग टाकतो, दुसरीत निळा, आणि फरशीवर कुठला रंग दिसतो त्याची वाट बघतो. ही पद्धत मला इतकी ओळखीची आहे की कळायला वेळ लागला नाही. मी कधीच टाकीच्या बाजूने विचार केला नव्हता, एवढंच.

"आपल्यापैकी कोण चोर आहे ते बघत होता," मी म्हणाले.

"डोक्यावर पडलाय का हा?" संपदा म्हणाली. "अगं मी त्याच्या लेक्सिकॉनसाठी रविवार घालवलेत! रविवार! सर्व्हर बंद पडला तेव्हा नवऱ्याला सासूबाईंना आणायला एकटं पाठवलं एअरपोर्टवर, अजून ऐकून घेतेय." मग तिला काहीतरी सुचलं. "मला निदान शाळेची सहल दिली त्याने. कोणाला विचारणार त्या पोरांना? पण तुझा साक्षीदार…"

"हो," मी म्हणाले. "ज्याला विचारता येणार नाही असाच निवडला."

शुक्रवारी संध्याकाळी पुष्कर मामीकडे जेवायला असतो हे मला माहीत होतं. मी लवकर निघाले आणि त्याच्याआधी पोचले. मामी कार्ल्सरूहेच्या वाल्डश्टाट भागात राहते, जंगलाला लागून असलेल्या इमारतीत. तिने दार उघडलं तेव्हा तिचे हात पिठाचे होते.

"अगं ईशू! कळवायचं तरी. थालीपीठं लावतेय. इथल्या राय धान्याचं पीठ घातलंय, नाक मुरडू नकोस, तुझ्या मामाला हेच आवडायचं. पुष्कर अजून आला नाही. बैस."

मी बसले. मला पुरावा हवा होता, आणि तो समोरच ओट्याशी उभा होता. तरी विचारताना बरं वाटलं नाही.

"मामी, तुम्ही फिलाखला कधी गेला होतात?"

"कुठे?"

"ऑस्ट्रियात. दोन हजार अकराच्या उन्हाळ्यात. मामा आणि पुष्करदादा."

मामी हसली. "दोन हजार अकरा? त्या उन्हाळ्यात हे बाल्कनीत शिडीवरून पडले नव्हते का? घोट्याला प्लास्टर. सगळा उन्हाळा त्या सोफ्यावर. मी चहा नेऊन द्यायची आणि हे म्हणायचे, मीनल, बेल आणून दे एक, हॉटेलसारखी. कसलं ऑस्ट्रिया!" तिने थालीपीठ उलटलं. "का गं?"

मी काही बोलायच्या आत पुष्कर आला. पाठीवर बॅग, हातात सायकलचं हेल्मेट. मला पाहून तो खूश झाला, खरोखरच खूश झाला. ते आठवलं की अजून त्रास होतो.

"अरे! हाय! प्रकरण गेलं का छापायला?"

"काय रे," मामी त्याला म्हणाली, "ही म्हणते तू बाबांना घेऊन ऑस्ट्रियाला गेला होतास. प्लास्टरवालं पाऊल घेऊन? दोन हजार अकरामध्ये?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला खरंच बघायचं होतं तो काय करतो. हेल्मेट तो सावकाश खुर्चीवर ठेवत होता. एवढा वेळ त्याला पुरला.

"प्लास्टर काढल्यानंतर, आई. ऑगस्टच्या शेवटी. तू पुण्याला गेली होतीस, आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. आम्ही दोघंच होतो ना."

मामीचा हात थांबला. "मोतीबिंदू… ते त्या वर्षी होतं का?"

"हो, तेव्हाच."

"असेल बाई." तिने गॅस बारीक केला. "असेल. पण मला बोलले नाहीत हे कधी."

"छोटीशी ट्रिप होती. दोन दिवस."

"म्हणून काय झालं? दोन दिवस तर दोन दिवस. मला चहाचा कप फुटला तरी सांगायचे ते." ती टेबलापाशी येऊन बसली, पिठाचे हात तसेच मांडीवर. "काय केलंत तिथे? मजा आली का त्यांना?"

"पाऊस होता," पुष्कर म्हणाला. "टीव्ही बघितला आम्ही. हसत होते बाबा."

"काय म्हणाले?"

आणि तो सांगायला लागला. तोच पाऊस, तेच गेस्टहाऊस, मला सांगितलेल्याच क्रमाने, आणि 'बघ रे, झोपेतसुद्धा' इथपर्यंत आला. मामी त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिला आनंद होत होता आणि त्याच वेळी काहीतरी टोचत होतं, की आपल्या नवऱ्याचे दोन दिवस आपल्याला माहीतच नव्हते. मी ते समोर घडताना पाहत होते. माझ्यावर केलेला प्रयोग आता तिच्यावर चालू होता, आणि याला कुणी थांबवलं नसतं तर ती उरलेलं आयुष्य त्या न झालेल्या सहलीचा विचार करत बसली असती.

"मामी," मी म्हणाले, "तो भाग नाहीये. असा भाग कधी बनलाच नाही. स्टुडिओतून फोन आला होता मला. आणि हीच गोष्ट त्याने संपदाला बाझेलची म्हणून सांगितली. तिथे डावा डोळा आहे आणि मामा नाहीत."

पुष्कर जर्मनमध्ये म्हणाला, "हे आत्ता इथे बोलायचं होतं का?"

"मराठीत बोल," मामी म्हणाली. "माझ्या घरात मला न कळणारं बोलू नकोस." खरं तर तिला जर्मन आमच्याइतकंच येतं.

त्याने खुर्ची ओढली. तो बसल्यावर आम्ही तिघं त्या छोट्या टेबलाभोवती जेवायला बसल्यासारखे दिसत असणार.

"आल्झो, हे बघ," तो म्हणाला. "आपलं काम बाहेर जात होतं. मला कळायला हवं होतं कुठून. मी तुला काही बोललो नाही, आरोप केला नाही, फक्त… फक्त तपासलं."

"मग? काय मिळालं?"

"काही नाही. चॅनेलवर काहीच आलं नाही पुढे. ना उजवा, ना डावा. चोर तुम्ही दोघीही नव्हतात."

"ते कधी कळलं तुला?"

त्याने हेल्मेट उचलून खाली जमिनीवर ठेवलं.

"मी प्रकरण लिहायला घेतलं त्याच्या आधी कळलं होतं ना? मी तुला मसुदा वाचून दाखवला फोनवर. तू म्हणालास, सुरुवात छान झालीये."

"सांगितलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं, ईशू. मी तुझ्यावर संशय घेतला हे कळलं असतं. मला वाटलं एक कार्टूनचा भाग, कोण बघणार? पुस्तकाला बारा वर्षांची पोरं घेतात."

"त्या चॅनेलवाल्याने आपलं चोरलंच नसेल," मी म्हणाले. "त्याने तेच भाग पाहिले असतील. दोघांनी एकाच गोष्टीकडे नीट पाहिलं तर दोघांना तेच दिसतं. याला चोरी म्हणत नाहीत. हे तुला सुचलंच नाही, पण मी चोर असेन हे सुचलं."

"मला तसं वाटत नव्हतं. म्हणूनच तर तपासलं."

हे वाक्य मी नंतर बऱ्याच वेळा मनात उलटसुलट करून पाहिलं. त्यात मला काहीच सापडलं नाही.

"सोमवारी काय उत्तर देऊ मी त्यांना?" मी विचारलं.

याचा विचार त्याने आधीच केलेला असावा, कारण उत्तर पटकन आलं. तो पुढे वाकला, आवाज मऊ झाला. लहानपणी रिंगणातले डावपेच समजावताना तो असाच बोलायचा.

"तू सांग की तुझ्या टिपणांत घोळ झाला. दोन भाग एकमेकांत मिसळले. तू नवीन आहेस, तुला माफ करतील. पण मी सांगितलं की लेक्सिकॉनच्या संपादकानेच खोटी नोंद घातली, तर पंधरा वर्षांचं काम संपलं. प्रत्येक नोंद संशयात. तुझ्यापण, संपदाच्यापण. विचार कर ना जरा. यात सगळ्यात कमी नुकसान कोणाचं आहे?"

"माझं नाव आहे त्या प्रकरणावर."

"नाव पुढे पण होईल तुझं. तू वैज्ञानिक आहेस, तुझ्याकडे खरं काम आहे. माझ्याकडे हेच आहे."

ते शेवटचं वाक्य खरं होतं, म्हणून मी थोडी थांबले. मामी मात्र थांबली नाही.

"मला एक सांग," ती त्याला म्हणाली. "खोटं बोलायचंच होतं तर बोलायचं. त्या दुसऱ्या मुलीला शाळेची सहल सांगितलीस. मग हिच्यात बाबांना का आणलंस?"

"कारण मी पुन्हा विचारलं नसतं," मी म्हणाले. "कोणी दुसरा असता तर मी त्याला फोन केला असता. चार डोळ्यांचा नियम आहे. मामांच्या डोळ्यांवर मी प्रश्न विचारणार नाही हे याला माहीत होतं."

मामी उठली आणि तिने गॅस बंद केला. तव्यावरचं थालीपीठ जळलं होतं, तो वास मला आत्ता जाणवला.

मी फोन काढून तिथेच फ्राऊ पेटरसनना लिहिलं. लिहिलं की तो भाग अस्तित्वात नाही, नोंद लेक्सिकॉनचे संपादक पुष्कर घैसास यांनी रचली होती, मी ती खरी समजून वापरली, आणि दुसऱ्या साक्षीदाराचा त्याच्याशी काही संबंध नाही. हे शेवटचं वाक्य त्यांच्यासाठी गरजेचं नव्हतं. उरलेली प्रत्येक नोंद मी भाग आणि वेळेसकट रविवारपर्यंत पुन्हा तपासून पाठवते, असंही लिहिलं. पाठवायच्या आधी फोन पुष्करसमोर धरला. त्याने वाचलं.

"तू माझं नाव लिहिलंयस."

"हो."

"तू करशील असं वाटलं नव्हतं मला."

मी पाठवलं.

ते प्रकरण छापलं गेलं नाही. मी रविवारी सगळ्या नोंदी पाठवल्या, त्या बरोबर होत्या, आणि फ्राऊ पेटरसननी अतिशय सभ्य पत्र लिहून कळवलं की वेळ उरलेला नाही. त्या पानांवर आता प्राण्यांच्या आवडत्या खाऊची चित्रं आहेत. लेक्सिकॉन अजून चालू आहे असं संपदा सांगते. आम्ही दोघी तिथे नाही.

त्या संध्याकाळी मात्र मला हे काही माहीत नव्हतं. मी निघाले तेव्हा पुष्कर टेबलाशीच बसून होता. मामीने हात धुतले, स्वेटर चढवला आणि माझ्याबरोबर ट्रामच्या थांब्यापर्यंत आली. मी नको म्हणत होते. अजून उजेड होता, जंगलाच्या कडेने लोक कुत्री घेऊन फिरत होते. थांब्यावरच्या बाकावर बसल्यावर तिने विचारलं,

"त्या उन्हाळ्यात मी पुण्याला गेले नव्हते ना गं?"

"नाही, मामी. मोतीबिंदूचं ऑपरेशन नंतर झालं. मी दहावीत होते, तुम्ही पुण्याहून नाशिकलाही आला होतात."

"हं. म्हणजे घरीच होते ते. सोफ्यावर." तिने मान हलवली, आकडेमोड जुळल्यासारखी. थोड्या वेळाने म्हणाली, "ते पक्ष्याचं काय होतं? नीट सांग. मला पूर्ण कळलं नाही."

मी सांगितलं. रिंगणात धुकं पसरतं, फ्लाउमोची मान खाली जाते, पाय दुमडतात. सगळ्यांना वाटतं हा आता हरला. मग कॅमेरा जवळ जातो आणि दिसतं की युलाच्या बाजूचा डोळा उघडा आहे. तो बघतोय तिच्याकडे. बाकी सगळा झोपलेला.

"हे पुष्करने मनाने रचलं?"

"हो. माझं बदकांवरचं काहीतरी त्याने पूर्वी ऐकलं असणार. त्यावरून."

"हुशार आहे मेला," मामी म्हणाली, आणि तोंड वळवून रुळांकडे बघत बसली. ट्राम वळणावर दिसायला लागली तेव्हा ती पुन्हा बोलली.

"आणि तुला आवडलं होतं का ते?"

"खूप," मी म्हणाले.